चाबी लागली नाही

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या त्या कुलपाची गोष्ट मी विसरलेलो नाही. खरं सांगायचं तर विसरायचा प्रयत्नही करून पाहिला, जमलं नाही. नोकरीत मी खुनांचे तपास केले, लुटलेले ट्रक शोधत कारंजा घाडगेच्या ढाब्याढाब्यांवर फिरलो, पण त्यातलं बरंचसं आता कागद समोर धरल्याशिवाय आठवत नाही. ही केस मात्र साधी घरफोडीची, आणि तिच्यात घरसुद्धा फोडलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती. मी मूळचा सातारा भागातला. फौजदार म्हणून वर्ध्याला येऊन सातेक महिने झाले होते. सुरुवातीला इथली बोली कानाला अडखळायची. 'काऊन', 'गेलतो', 'करून राह्यलो' हे हळूहळू अंगवळणी पडलं आणि मला वाटायला लागलं की आता आपल्याला सगळं समजतं. तरुण फौजदाराला असं फार लवकर वाटतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी एक जोडपं ठाण्यात आलं. नवरा हायस्कुलात शिक्षक, बायको सरकारी कचेरीत लिपिक. त्यांना आपण सर आणि मॅडमच म्हणू. सोमवारी सकाळी घराला कुलूप लावून दोघं लग्नासाठी कारंजाला गेले आणि गुरुवारी संध्याकाळी परतले. कुलूप जागच्या जागी होतं. सरांनी आपल्या किल्लीने ते उघडलं, आत गेले, पंखा लावला, चहा घेतला, झोपले. शुक्रवारी सकाळी मॅडमनी लग्नात घातलेला हार ठेवायला कपाट उघडलं, तर सासूबाईंच्या पाटल्या, एक गोफ आणि चांदीची भांडी गायब.

"कुलूप तुटलेलं नाही, कोयंडा हललेला नाही, खिडक्यांचे गज शाबूत आहेत. मग चोर आला कुठून?" सर मलाच विचारत होते.

फिर्याद नोंदवली आणि पंचनाम्याला गेलो. माझ्याबरोबर सेलूकडचे एक जुने हवालदार होते, माझ्या वयाइतकी नोकरी झालेले. ठसेवाले आले, त्यांना घरच्यांचेच ठसे मिळाले. कुत्रं दारातून निघालं, चौकापर्यंत गेलं आणि उन्हात जीभ बाहेर काढून बसलं. कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीखाली होती. ही जागा घरच्या माणसांना फार गुप्त वाटते. चोर पहिला हात तिथेच घालतो.

"चाबीवाला चोर हाय साहेब," हवालदार म्हणाले.

"या कुलपाच्या किल्ल्या किती?" मी सरांना विचारलं.

"दोन. एक आमच्याजवळ, एक शेजारच्या काकूंकडे."

किल्ल्यांच्या बाबतीत माणसं किती विचित्र वागतात हे पोलिसाइतकं कोणाला ठाऊक नसेल. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतील, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतील, चौथ्यांदा ओढतील, आणि मग तीच किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवून निघून जातील. कोणी मीटरच्या पेटीत ठेवतो, कोणी तुळशीच्या कुंडीखाली, कोणी बाहेर काढून ठेवलेल्या जुन्या बुटात. एक प्राध्यापक किल्ली हरवली म्हणून ठाण्यात आले होते. आमचा शिपाई त्यांच्याबरोबर कुलूप तोडायला गेला, तर किल्ली कुलपालाच लटकत होती. घर लुटायला चोराला अक्कल लागते असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा आपणच सगळी तयारी करून ठेवलेली असते, त्याला फक्त यायचं असतं.

त्या गल्लीने मात्र चौकटीपेक्षा बरी जागा शोधली होती. ती जागा म्हणजे काकू. वय साठीच्या आसपास. यजमान शाळेत शिपाई होते, ते वारल्यावर काकू त्यांच्या पेन्शनवर एकट्या राहायच्या. एकच मुलगी, ती सेलूला दिलेली. गल्लीतली बहुतेक घरं नवराबायको दोघं नोकरी करणाऱ्यांची, दिवसभर बंद. म्हणून प्रत्येकाची दुसरी किल्ली काकूंकडे. देवघराशेजारी फळीवर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली. वाचता जेमतेमच यायचं, म्हणून ओळखायला वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधलेल्या. गॅसचं सिलिंडर आलं, कोणाचं पोर शाळेतून लवकर सुटलं, कोणाचा नळ उघडा राहिला, की काकूंना हाक. या कामाचं त्या काही घेत नसत. पण गल्लीत कोणाकडेही लग्न निघालं की देवाच्या खालोखाल पत्रिका काकूंना जायची. एकट्या बाईला गावात असा मान मिळणं सोपं नाही, आणि त्या मानावरच त्या उभ्या होत्या.

त्यांचा पहिला जबाब मी शुक्रवारीच त्यांच्या ओसरीवर घेतला.

"काकू, सरांची किल्ली तुमच्याकडे होती?"

"होती नं. आताई हाय."

"या चार दिवसांत वापरलीत?"

काकूंनी पदर सारखा केला. "होती माह्यापाशी, साहेब. पन लागली नाई."

मी लिहिलं, "सदर घराची किल्ली माझे ताब्यात होती, परंतु सदर कालावधीत मला तिची गरज पडली नाही." आमच्याकडे जबाब असाच लिहितात. माणूस बोलतो एका भाषेत, आम्ही लिहितो दुसऱ्या. मग तो घाईघाईने वाचून दाखवायचा आणि शेवटी 'वाचून दाखविला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे' असं लिहून सही घ्यायची. मी वाचून दाखवलं.

"बरोबर आहे ना?"

"तुमी लिवलं मंजे बराबरच असन," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळी आठ वाजता सरांच्या समोर राहणारे एक निवृत्त कारकून ठाण्यात आले. माझ्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "माझं नाव कुठं येऊ देऊ नका. मंगळवारी तीनच्या सुमारास मी झोपून उठलो, खिडकीतून पाहिलं. काकू सरांच्या दारात उभ्या होत्या. कुलपावर वाकून. दोन-तीन मिनिटं चाललं होतं त्यांचं काहीतरी. मग इकडंतिकडं पाहून घाईनं घरात गेल्या."

मला आणखी काय हवं होतं? किल्ली बाईकडे, बाई दारात, आणि जबाबात म्हणते गरज पडली नाही. मी लगेच जीप काढली.

इथे मी पहिली चूक केली. म्हणजे दुसरी, पहिली ओसरीवरच करून बसलो होतो. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. परीक्षेत मी ते कलम पाठ करून मार्क मिळवले होते. पण तेव्हा ते आम्ही कोणी पाळत नव्हतो. दहा वाजता भर गल्लीत जीप उभी केली. महिला शिपायाने काकूंना हाताला धरून मागे बसवलं. शनिवार म्हणून बरीच माणसं घरी होती, दारादारांत उभी होती.

ठाण्यात मी सरळ विषयाला हात घातला.

"मंगळवारी दुपारी तुम्ही सरांच्या दारात होता की नाही?"

"होती."

"किल्ली हातात होती?"

"होती."

"आणि जबाबात तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच सांगतलं नं साहेब. चाबी लागली नाई मनून."

"लागली नाही, तर घेऊन कशाला गेलात?"

"नेल्याबिगर कसं समजन, लागते का नाई लागत ते?"

मी टेबलावर हात आपटला. "माझी थट्टा करता?"

"नाई बापा! थट्टा कायची? लागली नाई, वापस आली. देवाची आन."

"पण गेलात कशासाठी?"

या प्रश्नाला मात्र काकू ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मान खाली, बोटं पदराच्या काठावर. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तेच. मला खात्री पटली. खोटं बोलणारा माणूस एका जागी येऊन अडतो, असं आम्हाला शिकवलं होतं. लाजलेला माणूसही तसाच अडतो, हे कोणी शिकवलं नव्हतं.

शनिवार, रविवार, सोमवार. रोज दहाला बोलवायचं, पाचला सोडायचं. सोमवारी काकूंनीच मला एक गोष्ट सांगितली. तक्रारीच्या सुरात नाही, नवल वाटून सांगावं तशी.

"परवा सांजच्याले एक बाई आली. मने, काकू, पाहुने येऊन राह्यले, चाबी लागते. मंग दुसरी आली, तिलेई लागते. कालच्याले राह्यलेल्या साऱ्या आल्या. साऱ्याइले एकाच टायमाले कशा चाब्या लागल्या, साहेब?"

मी मनात म्हटलं, बघा, ही बाई 'लागली' हा शब्द गरज या अर्थानेच वापरते. म्हणजे जबाब मी अगदी बरोबर लिहिला होता! स्वतःच्या हुशारीवर माणूस किती खूश असतो.

त्याच दिवशी सेलूहून त्यांची मुलगी आली. ठाण्याच्या दाराशी उभी राहून रडत होती. "साहेब, माही माय चोर नाई. सासरी मले सारे इचारून राह्यले, मी का सांगू त्याइले?" मी तिला पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं. मंगळवारी काकूंना अटक करायची, हे माझं ठरलं होतं. रिमांडचे कागद टाईप होत होते. एकदा अटक झाली की पुढे सुटका झाली तरी त्या बाईचं गल्लीत काय उरणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पुरावा माझ्या बाजूने आहे असं मी स्वतःला सांगत होतो.

दुपारचे चार वाजले असतील. सरांचं कुलूप आम्ही पंचनाम्यात जप्त केलं होतं, ते मालखान्यात जमा करायचं राहिलं होतं. हवालदार ते घेऊन गेले आणि दोन मिनिटांत परत आले.

"साहेब, मालखान्याची चाबी लागून नाई राह्यली."

"लागत नसेल तर राहू दे. ठेवा जागेवर," मी मान वर न करता म्हणालो.

हवालदार तिथेच उभे. "राहू दे कशी? मुद्देमाल ठेवाचा हाय नं."

"अहो, आत्ताच म्हणालात ना, नको म्हणून!"

"नको कधी मनलं मी? लागून नाई राह्यली मनतो. कुलपात बसून नाई राह्यली, फिरून नाई राह्यली." त्यांनी किल्ली डोळ्यांजवळ धरली. "हात्तिच्या! ही तं अलमारीची होय. बह्याडच हाय मी."

ते जायला वळले. मी पेन खाली ठेवलं.

"हवालदार, थांबा. तुमच्याकडे 'चाबी लागली नाही' म्हणजे काय?"

"मंजे लागली नाई. कुलूप उघडलं नाई."

"आणि किल्लीची गरजच पडली नसेल तर?"

"तवाई लागली नाईच मनतात. पन ते बोलन्यावरून समजते नं, साहेब."

ते बोलण्यावरून समजतं. आमच्याकडेसुद्धा दोन्ही अर्थाने म्हणतात की, साताऱ्याला काय वेगळं आहे? म्हणजे प्रश्न बोलीचाही नव्हता. बाईने सांगितलं एक, मी ऐकलं दुसरं, आणि कागदावर चढवलं तिसरं. मी फाइलमधून जबाब काढला, ते 'सदर' आणि 'सदर' वाचलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. त्या दचकून बाजूला सरकल्या.

"काकू, मंगळवारी तुम्ही ती किल्ली कुलपात घातलीत का?"

"घातली नं. अर्धीच गेली. तीनदा लावून पायली. लागलीच नाई."

"मग हे कोणाला सांगितलं का नाही? रोज वापरातलं कुलूप, त्याची किल्ली त्याला लागत नाही, हे विचित्र नाही वाटलं?"

काकूंचा बांध तिथे फुटला. रडत रडत त्यांनी सांगितलं ते असं. मंगळवारी दुपारी त्यांच्या कूलरची मोटर जळली. मे महिन्यातलं वर्धा ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. जीव कासावीस झाला. शेजारी सरांचं घर रिकामं, तिथे मोठा कूलर, आणि किल्ली आपल्या हाताशी. तासभर जाऊन पडावं, उन्हं उतरली की कूलर बंद करून यावं, कोणाला कळणारही नाही.

"इतक्या वर्सात कोनाच्या घरात मी सांगतल्याबिगर पाय नाई टाकला, साहेब. त्या एका दिवशी मन खराब झालं. आन चाबी लागली नाई. मले वाटलं, देवानंच आडोलं मले. मने, बाई, लोकायनं तुयावर इस्वास टाकला आन तू थंडी हवा खायाले चालली? आता हे कोनाले कसं सांगू?"

तासभर कूलरखाली बसायची इच्छा झाली, या गुन्ह्याची लाज बाळगून ती बाई तीन दिवस चोरीचा आळ सोसत होती. मी त्यांना रिक्षा करून घरी पाठवलं आणि टाईप होत असलेले कागद फाडून टाकले.

आता गणित सोपं होतं. किल्ली तीच आणि ती लागली नाही, म्हणजे मंगळवारी दुपारी दाराला होतं ते कुलूप सरांचं नव्हतंच. दिसायला तसंच, पण दुसरं. आणि गुरुवारी सरांचं कुलूप परत जागेवर होतं. मी तसाच सरांच्या घरी गेलो.

"सर, तुम्ही घरी असता तेव्हा कुलूप कुठे असतं?"

"कुठे म्हणजे? बाहेर, कोयंड्याला. उघडं लटकत असतं. आत-बाहेर कोण नेत बसतो?"

"आणि निघताना लावायला किल्ली लागते?"

विचारल्यावर माझा मलाच चटका बसला. सर म्हणाले, "नाही. दाबलं की बंद होतं."

मी उठून गल्लीत एक चक्कर मारली. दहांपैकी आठ दारांना उघडं कुलूप बाहेर लटकत होतं. कोणीही यावं, ते काढून खिशात घालावं, त्याच बनावटीचं आपलं तिथे अडकवावं. घरचे निघताना चोराचंच कुलूप दाबून, तीनदा ओढून बघून, खुशाल गावाला जाणार. मग चोराने फावल्या वेळी यावं, स्वतःच्या किल्लीने उघडावं, माल घ्यावा, आणि जाताना मूळ कुलूप लावून जावं. तुटलं काहीच नाही. संशय कोणावर? ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे त्याच्यावर.

"गावाला जायच्या आदल्या दिवशी घरी कोण आलं होतं?"

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. मग आठवून, "म्हणजे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलणारा आला होता, तेवढाच. त्याच्या आधी आठ दिवस माप घेऊन गेला होता."

"त्याच्यासमोर गावाला जायचं बोलणं झालं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! मीच म्हटलं, लवकर आटपा, उद्या सकाळी लग्नाला निघायचंय."

हवालदार आणि मी साध्या कपड्यांत मोटारसायकलवर निघालो. बाजारात ताट्यावाल्यांकडे चौकशी केली. आम्हाला हवा होता तो माणूस उन्हाळ्यापुरता बाहेरून आलेला, सेलूला खोली घेऊन राहत होता. मंगळवारी सकाळी तो खोलीवरच सापडला. ताट्यांच्या गठ्ठ्याखाली एक पिशवी होती. पिशवीत सात कुलपं, सगळी जुनी, घासलेली, प्रत्येकाला त्याची किल्ली बांधलेली. त्यातलं एक हुबेहूब सरांच्या कुलपासारखं.

ठाण्यात आणल्यावर तो छाती पुढे काढून म्हणाला, "जुनी कुलपं विकतो. काय गुन्हा आहे?"

मी दोन्ही कुलपं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, मालखान्यातलं सरांचं आणि पिशवीतलं त्याचं. सरांना बोलावून विचारलं, तुमचं कोणतं? त्यांना ओळखता येईना. मग मी मुद्दामच पिशवीतलं कुलूप उचललं आणि त्या माणसावर खेकसलो, "हे सरांचं कुलूप तुझ्या पिशवीत आलं कसं?"

"खोटं बोलू नका साहेब! ते माझंच आहे. सरांचं ते तिकडलं!" तो बोलून गेला.

हवालदार हसू दाबत म्हणाले, "घरधन्याले वळखू नाई आलं, आन तुले बरं वळखू आलं बाबू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे त्याने सगळं सांगितलं. माप घ्यायला आला तेव्हाच कुलपाची बनावट पाहून ठेवली, रविवारी कुलूप बदललं, सोमवार-मंगळवार इतर कामांत गेले, बुधवारी दुपारी एकला सायकलवर ताट्या लादून आला. गल्ली झोपलेली. कोणी पाहिलं असतं तरी काय? उन्हाळ्यात ताट्यावाला दारात दिसला म्हणून कोणी डोळा उघडत नाही. पाटल्या आणि गोफ एका सोनाराकडून परत मिळाले. चांदीची भांडी गेली ती गेलीच. सेलूतल्या दोन चोऱ्याही त्याच्याच निघाल्या, आणि तिथेही घरच्यांनी कामवालीला काढून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी मी नालवाडीला गेलो. या वेळी जीप चौकात सोडली आणि चालत गेलो. सरांच्या अंगणात पंच बोलावले, गल्लीलाही बोलावलं. चोराचं कुलूप आणि मॅडमनी परत नेलेली किल्ली काकूंच्या हातात दिली आणि म्हटलं, लावा तुमची किल्ली. काकूंनी लावली. किल्ली अर्धी गेली आणि अडली. मग सरांच्या कुलपाला लावली, कट्कन उघडलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईंनी पहिल्याच दिवशी मला खरं सांगितलं होतं, मला ते समजलं नाही, चूक माझी आहे. ते निवृत्त कारकून खिडकीतून ऐकत होते, बाहेर आले नाहीत.

मॅडम रडायला लागल्या. ती किल्ली कुलपातून काढून त्यांनी काकूंच्या तळहातावर परत ठेवली. "काकू, आमचं चुकलं. तुम्हीच ठेवा." मागे आणखी तीन-चार बायका किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. काकूंनी मॅडमची बोटं उघडली आणि किल्ली त्यांच्याच हातात घातली.

"तुयी चाबी तुयापाशीच बरी, बाई. आता मले निगरानी नाई होत."

मग माझ्याकडे वळल्या. राग नव्हता आवाजात, असता तर बरं वाटलं असतं. "साहेब, आज तुमी पायी पायी आले आन चांगलं बोलले. पन त्या दिवशी गाडी घेऊन आलते, ते साऱ्याइनं पायलं. आजचं आयकाले अर्धी गल्ली डूटीवर गेली हाय."

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, सेवापुस्तकात चांगला शेरा मिळाला. त्यानंतर नोकरीत मी दोन नियम पाळले. जबाब लिहिताना माणसाचं महत्त्वाचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवायचं, मग वकील हसले तरी चालेल. आणि बाईमाणसाला विचारायचं असेल तर तिच्या घरी जायचं, साध्या कपड्यांत, गाडी लांब ठेवून. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हे दोन नियम घोकून घ्यायला लावले, काहींनी मागून माझी टिंगलही केली.

बदली होण्याआधी, साधारण वर्षभराने, मी सहज नालवाडीला गेलो. काकूंच्या दाराला कुलूप होतं. नवं, चांगलं जाड. शेजारून मॅडम बाहेर आल्या.

"काकू लेकीकडे गेल्यात, महिन्याभरासाठी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, चाबी ठेवून जा, झाडांना पाणी घालत जाईन. तर म्हणाल्या, वाळली तं वाळली. सोबत घेऊन गेल्या."

मी परत फिरलो. चोरीचा गुन्हा उघड झाला, आरोपीला शिक्षा झाली, केस माझ्या नावावर लागली. त्या गल्लीतून दुसरं जे गेलं त्याची फिर्याद द्यायला कोणी ठाण्यात आलं नाही. आलं असतं, तर आरोपीच्या रकान्यात मला माझंच नाव लिहावं लागलं असतं.